पोपटाची पाठराखीण

भामरागडच्या दवाखान्यातल्या सुशीलाबाई मेश्राम, म्हणजे मेश्राम सिस्टर, यांचं नाव पहिल्याच ओळीत यावं असं मी संपादकांना आधीच सांगून ठेवलं होतं. ते "बरं" म्हणाले. पण छापताना कोण काय कुठं हलवील याचा भरवसा नाही, म्हणून मी सुरुवातच तिथून केली. आता खालचं थोडं कापलं गेलं तरी माझी हरकत नाही.

मी चंद्रपूरला हमीदभाईंच्या पोपटांच्या दुकानात काम करतो. मूळचा राजापूरकडचा. सातवीत शाळा सुटली. आमच्या गावचा एकजण इथल्या कोळशाच्या खाणीत होता, त्यानं सांगितलं, "ये, लावतो तुला." मी चंद्रपूरच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा तो खाण सोडून मुंबईला पोचला होता. परत जायला तोंड नव्हतं. आधी एका चहाच्या हॉटेलात लागलो, तिथं माझ्या हातून इतके कप फुटले की मालकानं हात जोडले. मग तेंदूपत्त्याच्या कामावर गेलो, तिथं पुड्यांची मोजणी चुकली. मला मुळात भीती फार. कुणी मोठ्यानं विचारलं की आकडे डोक्यातून उडतात.

हमीदभाईंनी मला ठेवलं ते एकाच गुणावर. त्यांच्या दुकानासमोर मी रिकामा उभा होतो आणि पिंजऱ्यातली पाखरं माझ्याकडं बघूनही गप्प होती. ते म्हणाले, "याच्यानं पाखरू बिचकत नाई. अपने काम का आदमी है." तेव्हापासून माझं नाव कोकणी पडलं. खरं नाव अजून दुकानात कुणी विचारलेलं नाही.

लोकांना वाटतं, पोपट विकणं म्हणजे हिरवं पाखरू पिंजऱ्यात घालून हातात देणं. तसं करणारेही आहेत. त्यांची पाखरं महिन्याभरात मांजराच्या पोटात जातात किंवा शेजाऱ्याच्या घरी. हमीदभाई आधी माणूस बघतात. साधा राघू, ज्याच्या गळ्याला कंठ असतो, तो खोडकर. ज्याला स्वतःची फजिती चालते त्यानंच तो पाळावा. टुइयां म्हणजे डोकं पिकल्या जांभळाच्या रंगाचं असलेला लहान पोपट. तो बोलत जवळजवळ नाही, शीळ घालतो. त्याच्यासमोर आवाज चढवला की दाणा सोडतो. पहाडी हा सगळ्यांत मोठा, खांद्यावर लाल डाग. तो एकच माणूस धरतो, आणि त्या माणसाला सगळे जण ओळखायला लागतात, कारण बाकीच्यांना तो चावतो. त्याला भोवती आवाज, आरडाओरड लागते. शांत घरात तो आजारी पडतो. लव्हबर्ड ज्यांना पाखरू हवं पण त्याची कटकट नको, त्यांच्यासाठी. खिडकीला पडदा लावावा तसे ते लावायचे.

आता गिऱ्हाइकाचा स्वभाव ओळखायचा कसा? विचारून उपयोग नाही. स्वतःला रागीट म्हणवणारी माणसं मी फार पाहिली, त्यांतली अर्धी बायकोच्या हाकेला दचकतात. हमीदभाईंची रीत अशी की दुकानात एक स्टूल आहे, त्याचा एक पाय आखूड. गिऱ्हाइकाला त्यावर बसवायचं, हातात गरम चहा द्यायचा आणि आपण आत दाणे निवडत बसायचं. जो उठून पायाखाली कागदाची घडी घालतो, त्याला राघू. जो दुसरं स्टूल मागतो, त्याला लव्हबर्ड. जो स्टुलालाच शिव्या देतो, त्याला पहाडी. आणि जो चहा सांडू नये म्हणून अंग चोरून, तोंडातून शब्द न काढता बसतो, त्याला टुइयां.

बल्लारपूरचा एक पैलवान आला होता. दंड माझ्या मांडीएवढे. "सगळ्यात दांडगा पोपट काढ," म्हणाला. स्टुलावर बसला आणि श्वास धरून राहिला तो चहा निवेपर्यंत. हमीदभाईंनी त्याला टुइयां दिला. तो चिडला, पण घेऊन गेला. मग दर बाजारच्या दिवशी यायचा, टुइयां शालीखाली धरून. तक्रार एकच. "भाई, काल यानं माझ्याकडं पाठ फिरवली. मी काही बोललो का याले?" असं म्हणताना त्याचे डोळे भरायचे. कुस्ती त्यानं पुढं सोडली असं ऐकलं. कारण मी विचारलं नाही.

तर असा हा धंदा. यात हमीदभाईंची चूक मी एकदाच पाहिली.

भामरागडच्या एसटीचा एक ड्रायव्हर निरोप घेऊन आला. तिथले किराणा दुकानदार रामय्या शेठ यांना पोपट हवा होता. पावसात नद्या चढतात, रस्ता बंद होतो, गाव जगापासून तुटतं. दुकानात गिऱ्हाईक नाही, बोलायला माणूस नाही. सोबतीला पाखरू पाहिजे.

"माणूस कसा आहे?" हमीदभाईंनी विचारलं.

"एकदम भांडखोर," ड्रायव्हर म्हणाला. "मी गाडी लावली का तो म्हणते इथी काऊन लावली. तिथी लावली का म्हणते तिथी काऊन. पाऊस पडून राह्यला म्हटलं तं म्हणते हा पाऊस नाई."

"पहाडी," हमीदभाई म्हणाले.

मी हळूच म्हटलं, "भाई, स्टूल?"

"स्टूल भामरागडले जाईल काय? तू जा."

महाग पाखरू लांबच्या गावी गेलं की दुकानाचा माणूस बरोबर जातो आणि ते रुळेपर्यंत थांबतो. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते, तसंच. हे काम आजवर हमीदभाईंचा पुतण्या करायचा. या वेळी त्यांनी मला पाठवलं आणि निघताना सांगितलं, "देख कोकणी. पाखरू नांदलं तं मागची खोली तुझी, तू दुकानातला. पाखरू परत आलं तं मग तूही आपल्या गावाले जा बाबा. मी किती दिवस सांभाळू?"

ते रागानं बोलले नव्हते, म्हणून मला जास्त भीती वाटली. पोपटाचं नाव वकील. भांडायला म्हणून जात होता, तेव्हा नाव हमीदभाईंनीच ठेवलं.

एसटीत पिंजऱ्यावर फडकं टाकून मी अल्लापल्लीच्या पुढं डोळा लागू दिला नाही. भामरागडला उतरलो तर समोरच्या झाडावर पोपटांचा थवा नुसता कलकलाट करत होता. गाडीतली पोती उतरवायला लालसू नावाचा माडिया म्हातारा आला होता. त्यानं फडकं वर करून बघितलं, मग झाडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"याले विकाले आणला?"

"हो."

"इथी?"

तो पोत्यावर बसून हसला. पुढं पूर्ण पावसाळाभर तो मला बघितलं की हसायचा, आणि सगळ्या गावाला त्यानं सांगून टाकलं की पोपटाची पाठराखीण आली आहे. मुलं मला तेच म्हणायची. मला कोकणी म्हणणारंही तिथं कुणी उरलं नाही.

रामय्या शेठ सिरोंच्याकडचे. मीठ, तंबाखू, साबण, सुकी मासळी असं त्यांचं दुकान. त्यांची बायको दर पावसाळ्यात लेकीकडे सिरोंच्याला जाते. तिचं म्हणणं असं की वर्षातून एवढे दिवस तरी माझं म्हणणं माझ्याजवळ राहू दे. शेठनी पिंजरा पाहिला आणि म्हणाले, "हा पोपट नाही."

मी घाबरून म्हटलं, "पहाडी पोपट आहे शेठ."

"पहाडी असता तं डोंगरात राह्यला असता."

हे ऐकून वकिलानं मान वर-खाली केली. एकदा नाही, चांगली दहा-बारा वेळा. पहाडी नर खुशीत आला की असं करतो, त्यात नवल काही नाही. पण बघणाऱ्याला तो "होय, होय, बरोबर" म्हणतोय असंच वाटतं.

शेठ थबकले. म्हणाले, "आज पाऊस येनार नाई." वकिलानं मान हलवली. "येनारच," शेठ म्हणाले. वकिलानं आणखी जोरात मान हलवली. शेठ दुकानाच्या फळीवर टेकले आणि माझ्याकडं असे बघायला लागले की मीच त्यांना फसवलंय.

"मी भांडाले पाखरू मागितलं," ते म्हणाले. "हा तं कबूल करून राह्यला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पिंजरा उचलायला सांगितला. त्याच दिवशी पर्लकोटा नदी चढली. पुलावर पाणी, रस्ता बंद, एसटी अल्लापल्लीतच अडकलेली. मी दुकानाच्या पडवीत बसून राहिलो. एका बाजूला पिंजरा, एका बाजूला मिठाची पोती. पाखरू परत न्यायचं म्हणजे माझी खोली गेली, आणि न्यावं तर रस्ता नाही. शेठ दोन वेळ जेवायला घालत. "खाऊ नको" असं म्हणून वाढायचे. मी त्यांचं अन्न खात होतो आणि त्यांना नको असलेलं पाखरू त्यांच्याच घरात सांभाळत होतो. प्रत्येक घासाला मनात माफी मागायचो. रोज सकाळी ते पिंजऱ्यासमोर उभे राहून वकिलाला काहीतरी सुनवायचे, वकील कबूल करायचा, आणि ते चहाला न बसता आत निघून जायचे. त्यांचं जेवण कमी झालं. वकिलाचं वाढलं.

मग मला हिवताप आला.

मेश्राम सिस्टर ब्रह्मपुरीकडच्या. दवाखान्यात डॉक्टर असा क्वचित, सगळं त्याच बघायच्या. उंच, सडपातळ, आणि आवाज असा की नदीच्या पलीकडच्या माणसानं गोळी गिळावी. त्यांचं दुःख एकच होतं, गावात कुणी त्यांचं ऐकत नसे. पाणी उकळा म्हटलं तर लोक हसून निघून जायचे. मच्छरदाणी दिली तर तिचं मासे धरायचं जाळं व्हायचं. त्या मला रोज कडू गोळ्या द्यायला यायच्या, स्वतः आणलेली पेज पाजायच्या आणि रागवायच्या. आईनंतर मला इतकं आपलेपणानं कुणी रागावलं नव्हतं. तापात मला रडू यायचं ते त्यामुळं.

ताप उतरला तेव्हा त्यांनी विचारलं, "कारे, तू रात्रंदिवस स्टूल स्टूल काय करून राह्यला होता? मी म्हटलं पोराले खुर्ची पायजे का काय."

मी त्यांना सगळं सांगितलं. आखूड पाय, चहा, राघू, टुइयां, पहाडी. मागची खोलीही सांगितली. त्या ऐकत होत्या आणि माझी नाडी धरून ठेवली होती.

"मंग रामय्याभाऊले त्या स्टुलावर बसवलंच नाई?"

"ते चंद्रपूरला कधी आलेच नाहीत."

"मानसाले पाह्यल्याबिगर त्याचा पोपट ठरवला? मी असं औषध देल्लं असतं तं आतापर्यंत अर्धं गाव गेलं असतं." त्या उठल्या. "दवाखान्यात एक स्टूल आहे. वाळवीनं त्याचा एक पाय खाल्ला. उद्या आनतो."

दुसऱ्या दिवशी लालसू ते स्टूल डोक्यावर घेऊन आला. मागून सिस्टर, गळ्यात रक्तदाबाचं यंत्र. पडवीत वकिलाच्या पिंजऱ्यासमोर त्यांनी स्टूल ठेवलं.

"रामय्याभाऊ, बसा. ब्लड प्रेशर पाहाचं आहे."

"मले काही झालं नाई."

"नाईच झालं. म्हनूनच पाहाचं आहे."

याला उलटं काय बोलावं ते शेठना सुचलं नाही, म्हणून ते बसले. स्टूल कलंडलं. त्यांनी दोन्ही पायांचे अंगठे जमिनीत रुतवले, खांदे आत ओढून घेतले आणि गप्प झाले. सिस्टर पट्टी बांधत होत्या, सोडत होत्या, परत बांधत होत्या. मी बिनहँडलच्या कपात चहा आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. एक थेंब सांडला नाही, एक शब्द निघाला नाही. एवढा वेळ त्या माणसाला गप्प बसलेलं गावानं पाहिलं नव्हतं. लालसूही हसायचा थांबला. मला त्यांच्या चेहऱ्यावर बल्लारपूरचा पैलवान दिसायला लागला.

"झालं," सिस्टर म्हणाल्या. शेठ उठले. सिस्टर रक्तदाबाचा आकडा लिहून घ्यायला त्याच स्टुलावर टेकल्या आणि स्टुलानं त्यांना एका अंगाला टाकलं.

"अरे!" त्या स्टुलाकडं वळल्या. "तुले कितीदा सांगतलं सरळ उभा राह्य म्हनून? सरकारचं खाते आन सरकारच्याच मानसाले पाडते? तुले मी चुलीत घालीन. अन् पानी उकळीन त्याच्यावर."

पिंजऱ्यात वकील दांडीवर सरकत पुढं आला. पिसं फुगवली आणि मान हलवायला लागला. मी त्याला शेठसमोर मान हलवताना बघत आलो होतो, पण ही मान वेगळी होती. त्यात शेपूटही होतं.

सिस्टर थांबल्या. पोपटाकडं बघितलं. जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पानी उकळूनच प्याव."

वकिलानं मान हलवली.

"मच्छरदानी झोपाले असते, मासोळ्याईले नाई."

वकिलानं मान हलवली.

सिस्टरनी चष्मा काढून पुसला. "इतक्या वर्षांत," त्या म्हणाल्या, "या गावात कोनं तरी मले होय म्हटलं."

माझ्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं. आयुष्यात पहिल्यांदा मी न विचारता बोललो. "सिस्टर, हे पाखरू तुमचं आहे. शेठचं नाही."

आणि तिथंच सगळं बिघडलं. रामय्या शेठ पिंजऱ्याच्या पुढं येऊन उभे राहिले. "नाई देत," ते म्हणाले. "पाखरू माझं आहे."

दुसऱ्याच दिवशी पिंजरा उचल म्हणालेला माणूस. पण तो स्वभावच तसा. त्यांना नको असलेली वस्तू दुसऱ्याला हवी झाली की ती त्यांनाही हवी. सिस्टर रागानं लाल झाल्या, तोंड उघडणार इतक्यात मी त्यांना हातानं थांबवलं. पावसाळाभर शेठच्या पडवीत राहून एवढं तरी शिकलो होतो.

"बरोबर आहे शेठ," मी म्हटलं. "पाखरू तुमचंच. सिस्टरला देऊच नका. दवाखान्यात पोपट शोभत नाही."

"काऊन शोभत नाई?" शेठ म्हणाले.

"लोक नावं ठेवतील."

"कोन ठेवते नावं? माझं पाखरू, मी कुठीही देईन. घ्या सिस्टर. आत्ताच घ्या, नाई तं मी देतच नाई."

सिस्टरनी पिंजरा उचलला आणि मागं न बघता निघाल्या. चालताना त्या पोपटाला काहीतरी सांगत होत्या आणि तो मान हलवत होता. पिंजऱ्यामागून स्टूल घेऊन लालसू.

पाखरू नांदलं. पण शेठच्या घरात पडवी रिकामी झाली आणि त्यांचं तोंड आणखी उतरलं. खरा टुइयांचा माणूस, आणि टुइयां आणायचा तर चंद्रपूरहून, रस्ता तर बंद. हे मी लालसूला सांगितलं. तो परत पोत्यावर बसून हसला आणि माझा हात धरून दुकानाच्या मागं घेऊन गेला. त्याच्या वाडीत मका भरला होता आणि कणसांवर टुइयांचा थवा उतरला होता. जांभळी डोकी आणि त्या बारीक शिळा. लालसू गलोल घेऊन त्यांना हाकलायचा, ते उडायचे, परत यायचे.

मी शेठना तिथं घेऊन आलो. "हे बघायला नका थांबू शेठ, काही बघण्यासारखं नाही," म्हटलं. ते थांबले. कुंपणाशी दगडावर बसले. अंग चोरून, दोन्ही हात गुडघ्यांत. एक टुइयां अगदी जवळच्या कणसावर आला तर ते श्वासही घेईनात. संध्याकाळ होईस्तोवर बसून होते. मग रोजच बसायला लागले. लालसूची कणसं जात होती. त्याची भरपाई शेठ मिठानं करायचे. मीठ हातात देताना मात्र "हे मीठ नाई" असं म्हणायचे, तेवढं राहिलंच.

पाणी ओसरलं, एसटी आली. निघताना शेठनी "काही देत नाई तुले" म्हणत सदऱ्याचं कापड हातात कोंबलं. पाठराखिणीला सासरचे रिकामं पाठवत नाहीत. सिस्टरनी पिशवीभर गोळ्या दिल्या, पाणी उकळून प्यायची शपथ घातली आणि मागं वकिलानं ती शपथ कबूल केली. चंद्रपूरला मी पिंजऱ्याशिवाय हमीदभाईंसमोर उभा राहिलो. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं.

"पाखरू?"

"नांदलं."

"रामय्याकडं?"

"शेजारी."

सगळं ऐकून त्यांनी मला लंगड्या स्टुलावर बसवलं आणि चहा दिला. मी अंग चोरून बसलो, हे सांगायला नको. त्यांनी मागच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आपली चूक कबूल केल्यासारखं काही बोलले नाहीत. पण त्यानंतर भामरागडचा काय, वरोऱ्याचासुद्धा माणूस असला, तरी निरोपावर त्यांनी पाखरू दिलं नाही. मीही आता आणलेलं पाखरू पिंजऱ्यात घालताना, लालसूच्या मक्यावरचा थवा आठवून, जरा वेळ लावतो. धंद्यात हे बरं नाही, पण लागतो वेळ.

सिस्टरची बदली आता पोंभुर्ण्याला झाली आहे. मी सुटीत जातो. केस पांढरे झाले, आवाज तसाच. वकील त्यांच्या खांद्यावर, दुसऱ्या कुणी बोट लावलं तर रक्त काढतो. मागच्या भेटीत त्या म्हणाल्या, "पहाडी मानसाएवढा जगते म्हनतोस. माझ्यामागं हा कोनाले होय म्हनन?"

"मी नेईन," मी म्हटलं.

"तू?" त्या हसल्या. "तू तं टुइयांचा. तुझ्याजवळ हा आजारी पडन. याले रागवनारं मानूस पायजे."

त्या खरं बोलल्या. माझा तापात जीव वाचवणारी, माझी खोली मिळवून देणारी ती बाई. तिच्या पाखराला मी नांदवू शकत नाही, कारण मला रागावता येत नाही. म्हणून आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी त्या लंगड्या स्टुलावर बसतो आणि स्टुलालाच रागावतो. हमीदभाई आतून ऐकतात, हसत नाहीत. आवाज अजून चढत नाही. "जरा सरळ उभं राहशील का," एवढंच निघतं. पण सिस्टर, मी शिकतो आहे. तुमच्या वकिलाला घ्यायला येईन तेव्हा दारातूनच असा रागावेन की त्यानं मान हलवलीच पाहिजे.